गॅस बंद करून पाहिलेलं

(खडवली येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे एक रिवाज पडून गेला आहे. व्यासपीठावर जो उभा राहील तो त्या विषयातला अधिकारी माणूस. आज तो रिवाज मोडणार आहे, त्याची कल्पना आधीच दिलेली बरी. मी समीक्षक नाही. चित्रपट महोत्सवाचा पास मी कधी गळ्यात घातलेला नाही. नोकरी होती तोवर गाडीने जा-ये केली, संध्याकाळी स्वयंपाक केला, आणि तो करता करता घरातल्या टीव्हीवर जे लागलं ते पाहिलं. आता निवृत्तीनंतर जरा निवांत बघते, एवढाच फरक. तेव्हा हे घरी बसून बघणाऱ्या बाईचं मत आहे. पटलं तर घ्या, नाहीतर बाहेर चहा ठेवलेला आहेच.

आता पहिला प्रश्न. घरी बघणारा प्रेक्षक दुय्यम का मानतात? मोठा पडदा नाही, अंधार नाही, आवाज नीट नाही, मध्येच दारावरची बेल वाजते. सगळं कबूल. पण एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. थिएटरात माणूस पैशाने बांधलेला असतो. खडवलीहून कल्याणला जायचं, रिक्षा करायची, चौघांची तिकिटं काढायची, पॉपकॉर्नच्या किमती बघून गप्प बसायचं. एवढं झाल्यावर सिनेमा कितीही रद्दड असो, आपण शेवटपर्यंत बसतो. पैसे वसूल करायचे असतात. घरी? घरी उठणं फुकट आहे. कुकरची शिट्टी झाली, उठा. पाणी आलं, उठा. काहीच झालं नाही, तरी उठा. मग ज्याला कधीही उठता येतं असा माणूस जेव्हा उठत नाही, तेव्हा त्याच्या बसण्याला किंमत किती? माझ्या मते थिएटरातल्या टाळीपेक्षा जास्त. म्हणून माझी कसोटी साधी आहे. अमुक बघताना मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले का? बाकी नटांची नावं, पुरस्कार, सगळं त्यानंतर.

ही कसोटी जुन्या काळाला लावताना मात्र जपून लावावी लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर बरीच वर्षं आपल्यापैकी बहुतेक जण टीव्ही बघत होते ते दुसऱ्याच्या घरी, सतरंजीवर. दुसऱ्याच्या घरून मधेच उठायचं कसं? शिवाय वाहिनी एकच. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडले, हे आपण कौतुकाने सांगतो. ती भक्ती खरी होती, यात शंका नाही. पण दुसरं काही लागलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. २०२० च्या टाळेबंदीत तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शनने जाहीर केलं. आता त्या दिवसांत उठून जायचं कुठे होतं? दारातून बाहेर पडायची बंदी होती!

मला विचाराल तर 'रामायणा'पेक्षा 'महाभारत' कितीतरी उजवं. 'रामायणा'त एक बाण सुटला की तो पोहोचेपर्यंत दहा चेहरे दिसायचे, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तेच आश्चर्य. 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते. तिथे माणसं एकमेकांशी वाद घालायची, आणि वाद ऐकणाऱ्याला आपली बाजू ठरवावी लागायची. द्यूतसभेच्या वेळी आमच्या इमारतीत खिडक्या-खिडक्यांतून भांडण चाललं होतं, भीष्म बोलले का नाहीत यावर. गॅस बंद केल्याची माझी पहिली आठवण त्या भागाची आहे.

आणि 'चिमणराव'? सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा तो काळ. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. पुढे २००१ मध्ये तेच प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा होऊन आले. मध्ये वीसेक वर्षं गेली, तरी दोन्हींत एक समान गुण होता. भाग त्या दिवशी संपायचा. टिपऱ्यांच्या घरात मोठं काही घडायचंच नाही. शेखरचं ऑफिस, श्यामलाची धांदल, शलाका आणि शिऱ्याची कुरबुर, आणि आबांचं त्यावर एखादं तिरकं वाक्य. खून नाही, स्मृतिभ्रंश नाही, हरवलेला जुळा भाऊ नाही. अर्ध्या तासात गोष्ट पुरी, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत घरात त्यावर गप्पा.

मग रोजच्या मालिका आल्या. 'दामिनी' दूरदर्शनवर, 'आभाळमाया' अल्फा मराठीवर. 'आभाळमाये'तली सुधा जोशी मला आवडायची. तिला नोकरी होती, आणि ती नोकरी नावापुरती नव्हती. पण रोजच्या मालिकांबद्दल मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. या मालिकांची लोक चेष्टा करतात. धाडकन वाजणारं संगीत, एकाच चेहऱ्यावर तीनदा जाणारा कॅमेरा, 'तू माझ्या धाकट्या जावेची मुलगी असूनही' अशा थाटाचं बोलणं. सख्ख्या माणसाला त्याचं नातं असं कोण सांगतं? कोणीच नाही. मग मालिकेत का सांगतात?

कारण मी स्वयंपाकघरात आहे!

माझी पाठ टीव्हीकडे आहे, हातात लाटणं आहे, आणि मी मालिका बघत नाही, ऐकते आहे. घरोघरी लाखो बायका कानाने मालिका बघतात. ते धाडकन संगीत माझ्यासाठी आहे, म्हणजे मी मान वळवावी. ते नातं सांगणं माझ्यासाठी आहे, म्हणजे कोण बोलतंय ते कळावं. काल काय झालं हे आज पुन्हा दाखवतात, कारण काल माझी गाडी उशिरा आली होती. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना आमचं घर पक्कं ठाऊक होतं. आमची पिढी आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढली, तिला यात जड काही गेलं नाही. त्यामुळे मी या कारागिरीची चेष्टा करणार नाही.

पण तिची किंमत मोजावी लागते. उठून गेलात तरी तुमचं काही बुडणार नाही, अशी हमी ही मालिका देते. आणि ज्यात काही बुडत नाही, त्यात हाती काय लागणार? मी चार दिवस माहेरी जाऊन आले तरी कथा तिथेच, त्याच जिन्यावर, त्याच पैठणीत उभी. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. ती सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी संपता संपता सहावी-सातवीत होती. रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री असूनही मला तिच्यातला एक भागसुद्धा वेगळा काढून आठवत नाही. तुम्हाला आठवतो? हात वर करा. बघा.

आता दुसरा मुद्दा, आणि मला वाटतं आज सगळ्यात महत्त्वाचा. घरी आपण कोणाबरोबर बघतो? थिएटरात अंधार असतो आणि शेजारी अनोळखी माणूस. घरी शेजारी सासूबाई असतात.

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ चा. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, सुखवस्तू घरातली सून. नवरा वकील, तो गिरीश कार्नाड. घरात कशाची ददात नाही. आणि ही बाई लहान मुलीला घरी ठेवून दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आश्रमातला गैरकारभार, चौकशी, राजीनामा, आणि परत घरी यावं तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. नवरा तिला म्हणत नाही की जा. राहा म्हणतो. तरी ती जाते.

टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा आमच्या खोलीत सासूबाई होत्या, नणंद होती, हे होते, आणि मी नोकरी करणारी सून. सांगा, अशा खोलीत 'उंबरठा' कसा बघायचा? थिएटरात मी कदाचित रडले असते. घरी रडायची सोय नव्हती, कारण मी कोणाच्या बाजूने रडते आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. मुलीला घरी ठेवून जाण्याचा प्रसंग आला आणि खोलीतलं कोणीही कोणाकडे बघेना. सासूबाईंची गोळीची वेळ झाली होती. त्या उठल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाल्या, 'मुलीला न्यायला हवं होतं तिने.' नणंद म्हणाली, 'नेलं असतं तर काम कसं केलं असतं?' आणि आमच्या घरात, आयुष्यात पहिल्यांदा, मुलं आणि नोकरी या विषयावर बोलणं झालं. सिनेमातल्या बाईबद्दल बोलत होतो म्हणून बोलता आलं. आपापल्याबद्दल बोललो असतो तर भांडण झालं असतं.

घरी बघण्याचा हा फायदा समीक्षेच्या पुस्तकात सापडत नाही. आणि तो आता जातो आहे. पूर्वी घरात टीव्ही एक आणि माणसं सहा. आज माणसं चार आणि पडदे पाच. नातू त्याच्या खोलीत काहीतरी कोरियन बघतो, सून मोबाइलवर, मुलगा टिटवाळ्यापर्यंत गाडीत कानात बोंडं घालून. प्रत्येकाला आपल्या आवडीचं मिळतं. पण नावडत्या माणसाशेजारी बसून बघण्याची जी शिस्त होती, ती गेली.

थोडं हलकं बोलू. एका सिनेमाने माझी कसोटी पार उलटीपालटी केली आहे. 'सूर्यवंशम'! १९९९ चा, अमिताभ बच्चनची दुहेरी भूमिका. थिएटरात फारसा चालला नाही. मग सेट मॅक्सवर जो लागला तो लागलाच. विषाची खीर कधी येणार ते लहान पोरालाही माहीत. मी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग कधीच पाहिलेला नाही, आणि तरी सगळा पाठ आहे. कधीही उठा, कधीही येऊन बसा. उठल्याने काही बुडत नाही, तरी माणूस परत येऊन बसतो. याचं काय करायचं? 'अशी ही बनवाबनवी'चंही तेच. पण १९८८ चा हा सिनेमा थिएटरातही तुफान चालला आणि घरातही अजून चालतो. खोलीतली माणसं नटाच्या आधी संवाद म्हणतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सगळे उत्तमच. वसंत सबनीसांचं लेखनही नेमकं. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. तो हिंदी सिनेमा आज किती जणांना आठवतो? मग मराठी का टिकला?

माझं उत्तर असं, की तो विनोदी सिनेमा भाड्याच्या खोलीबद्दल आहे. चार पोरांना डोक्यावर छप्पर हवंय, आणि घरमालक जोडप्यांशिवाय कोणाला ठेवत नाही. अहो, आपल्या कल्याण-डोंबिवलीची वस्ती वाढली कशी? टिटवाळा, खडवली, वासिंद इथे माणसं येत गेली ती का? दादर-परळला खोली परवडली नाही म्हणून. डिपॉझिट, पागडी, मालकाचे नियम, या गोष्टींवर आपण पोट धरून हसतो, कारण त्या भोगलेल्या आहेत. 'सूर्यवंशम' सवयीने बघितला जातो. 'बनवाबनवी' ओळखीने बघितला जातो. दोन्हींत फरक आहे.

ओळखीचा विषय निघालाच आहे तर आपल्या पट्ट्यातले दोन सिनेमे घेऊ.

निशिकांत कामतांचा 'डोंबिवली फास्ट', २००५. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, पुढे तमिळमध्येही झाला. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला सरळमार्गी माणूस. सुरुवातीला त्याचा दिवस दाखवला आहे. उठणं, आवरणं, गाडी, ऑफिस, गाडी, घर, आणि पुन्हा तेच. त्या चक्राइतकं खरं चित्र आपल्या जगण्याचं मी पडद्यावर पाहिलेलं नाही. थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पुढे, आपटेने हातात बॅट घेतल्यावर. घरी बसून बघताना मला उलट वाटलं. बॅट आली आणि सिनेमा आपल्यातून उठून गेला. आपण बॅट घेत नाही. आपण रोज पुन्हा गाडी पकडतो. बॅट न घेणाऱ्या आपटेचं काय होतं, तो सिनेमा अजून कोणी काढलेला नाही.

दुसरा 'झोंबिवली', जानेवारी २०२२, आदित्य सरपोतदारांचा. डोंबिवलीत झोंबी! कल्पना ऐकूनच मी जिंकले गेले होते. उंच टॉवर, शेजारी वस्ती, मध्ये भिंत, आणि पाण्याचा प्रश्न, हे सगळं नेमकं आपलं. सिनेमा मजेत जातो. पण खरं सांगू? सकाळी आठचा फलाट ज्याने पाहिला आहे त्याला झोंबीची भीती वाटायची नाही.

आता शेवटाकडे येते. दोन सिनेमे, दोन्ही चैतन्य ताम्हाणे यांचे. 'कोर्ट' २०१४ चा. व्हेनिसला गौरव झाला, आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. वीरा साथीदारांनी केलेला लोकशाहीर नारायण कांबळे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा खटला. या सिनेमात कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, आणि माणसं येतात-जातात. आमच्या घरी पहिल्या पंधरा मिनिटांत दोघं उठले. मी राहिले ती सरकारी वकील बाईमुळे. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती कांबळेला आत ठेवायला मागते आहे, कलमांमागून कलमं वाचते आहे. आणि मग कोर्ट सुटतं, ती लोकलमध्ये बसते, शेजारणीशी घरगुती गप्पा मारते, घरी जाते, स्वयंपाक करते. मला घामच फुटला. ही तर आपल्या डब्यातली! या बाईला मी रोज सरकून जागा दिली असती. दिग्दर्शक तिला वाईट म्हणत नाही. तिला गाडीत बसवतो आणि आपल्याकडे सोडून देतो. गॅस बंद केला, अर्थात.

शेवटाजवळ कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे घालवतात, आणि पडदा काळा होतो. तसाच राहतो. आमच्याकडे आतल्या खोलीतून आवाज आला, 'लाइट गेली का गं?' भारनियमनाच्या काळातून आलेली माणसं आपण, काळा पडदा दिसला की पहिला संशय वीज मंडळावर! विनोद बाजूला ठेवा. पण तो अंधार घरात बघायचा नाहीच. घरी ट्यूबलाइट चालू असते, पडद्यात आपलाच सोफा दिसतो. तो अंधार सगळ्यांनी मिळून बघायचा आहे, कारण त्या अंधारातल्या माणसांत आपणही आहोत.

उलट त्यांचाच 'द डिसायपल'. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. गाणं शिकणारा एक तरुण, ज्याला हळूहळू कळतं की आपण थोर होणार नाही. रात्री रिकाम्या पुलांवरून मोटारसायकल चालवत तो आपल्या गुरूच्याही गुरू असलेल्या माईंच्या जुन्या ध्वनिफिती ऐकतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर येण्याच्या काही दिवस आधीच त्या गेल्या. हा सिनेमा मात्र एकट्याने बघावा, कानात आवाज घेऊन, सगळे झोपल्यावर. एका दिग्दर्शकाचे दोन सिनेमे, एकाला सभागृह हवं, एकाला एकांत. घर या दोन्हींच्या मधली जागा आहे.

आणि एक ताजी गोष्ट सांगते. नोव्हेंबर २००४ मध्ये 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा एक भाग दाखवला, तो न थांबता, एकाच टेकमध्ये चित्रित केलेला होता. विक्रम झाला. शिवाजी साटम आणि मंडळींची दमछाक झाली असणार. कथा मात्र कोणाला आठवत नाही. २०२५ मध्ये 'अॅडोलेसन्स' ही चार भागांची इंग्रजी मालिका आली, प्रत्येक भाग एकाच टेकमध्ये. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. तिसऱ्या भागात बहुतेक वेळ एक खोली, तो मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसतज्ज्ञ बाई. बस्स. आता आपल्या हातात रिमोट असतो, मध्ये थांबवता येतं. थांबवणं हे आजचं उठणं आहे. सुनेने रिमोट उचलला, धरून ठेवला, आणि दाबला नाही. कॅमेरा जर कुठे जात नाही, तर आपण कसे जाणार? तंत्र तेच, वीस वर्षांपूर्वी आपल्या 'सीआयडी'ने करून दाखवलेलं. फरक एवढाच की तिथे तंत्र बघायला बोलावलं होतं आणि इथे मुलगा बघायला. त्या रात्री आमच्या घरात मोबाइलबद्दल बोलणं निघालं, आणि या वेळी नातूही त्याच्या खोलीतून बाहेर आला होता.

असं एकत्र बघणं घराबाहेरही घडवता येतं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून लोकांना चांगले सिनेमे एकत्र बसवून दाखवत आलं आहे. आपण मुंबई-ठाण्याकडे बघत बसायचं कारण नाही. संयोजकांना माझी विनंती आहे. हे सभागृह आहे, खुर्च्या आहेत, भिंत पांढरी आहे. वर्षातून चार-पाच दिवस व्याख्यानं होतात, उरलेलं वर्ष कुलूप असतं. महिन्यातून एका रविवारी इथे एक मराठी सिनेमा दाखवा, रीतसर परवानगी घेऊन. नंतर अर्धा तास बोलायला ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून यायचं असा नियम करा, सासू-सुना, नातवंडं, सगळी. सुरुवात 'कोर्ट'पासून करा. दिवे पूर्ण घालवा. खुर्च्या मांडायला मी येईन.